आल्प्सवरची खुरपणी

"माय, ह्या बॅगेत हे काय हाय?"

नागसेन सरांनी लुगड्याच्या घडीतून खुरपं बाहेर काढलं, तेव्हा हैदराबादच्या गाडीला जेमतेम दोन तास उरले होते. बॅग भरून झाली होती, वजन करून झालं होतं, कुलूप लावायचं तेवढं बाकी होतं. सरजाबाई भिंतीला टेकून पानाला चुना लावत बसल्या होत्या. त्यांनी एकदा खुरप्याकडं बघितलं आणि एकदा लेकाकडं.

"दिसंना का? खुरपं हाय."

"ते मला बी दिसायलंय. पण स्वित्झर्लंडला कशाला?"

"रानात हिंडायचं म्हणालास न्हवं? मग रिकाम्या हातानं हिंडू?"

सरांनी खुरपं उचलून फडताळात ठेवलं, फडताळाला कडी लावली आणि बॅगेला कुलूप घातलं. आता बायकोनं, म्हणजे बबितानं, त्यानंतर काय केलं ते सरांना कळायला दोन दिवस आणि साडेसहा हजार किलोमीटर लागायचे होते. ते पुढं येईलच.

नागसेन सर परभणीच्या एका कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवत होते. त्यातला 'उंच पर्वतांवरील वनस्पती' हा धडा दरवर्षी नेमका मार्चमध्ये यायचा. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, वर्गातला पंखा गरम वारा खाली ढकलतोय, आणि सर फळ्यावर बर्फाचा डोंगर काढून त्याच्या फटीत एक छोटीशी उशी काढायचे. मुठीएवढं झाड, त्याच्यावर बारीक निळी फुलं. नाव आल्प्सचा राजा. "निळी म्हणजे किती निळी, सर?" कोणी विचारलं की सर खिडकीतून आभाळाकडं बोट करायचे आणि मार्चमधलं परभणीचं आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं असायचं. मग मागच्या बाकावरचा कोणीतरी हमखास विचारायचा, "सर, तुमी बघितलंय का?"

बावीस वर्षं सर या प्रश्नाला उत्तर न देता डस्टर उचलत आले होते. पन्नाशी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी ठरवलं की एकदा तरी ही उशी डोळ्यांनी बघायची आणि त्या मागच्या बाकाला तोंड वर करून उत्तर द्यायचं. वनस्पतीप्रेमींची दहा दिवसांची सहल त्यांनी शोधून काढली. दोघांची नावं घातली. आणि बबिताला जनगणनेची ड्युटी लागली. झेडपीच्या शाळेतल्या बाईंना जनगणना लागली म्हणजे तिथं आल्प्सचं काही चालत नाही. दुसरा पासपोर्ट घरात एकच होता, सरजाबाईंचा. गावातल्या बायकांबरोबर त्या श्रीलंकेला बोधिवृक्षाच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या, तेव्हाचा.

सरजाबाई पेडगावला राहायच्या. स्वतःचं दीड एकर होतं, पण तीस वर्षं लोकांच्या रानात खुरपणी करून त्यांनी पोराला शिकवलं होतं. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी पात कोणी काढत नसे. पात म्हणजे खुरपायला वाटून घेतलेला पट्टा. इतर बायका अर्ध्यावर असताना सरजाबाई बांधावर जाऊन पाणी पीत असायच्या. मात्र पोराला त्यांनी खुरप्याला कधी शिवू दिलं नाही. लहानपणी नागसेन आईच्या शेजारी पातीत बसायला गेला की त्या हाताला फटका मारायच्या. "तू पुस्तक धर. खुरपं धरायला मी हाय." त्यामुळं सर वनस्पतीशास्त्राचे डॉक्टर झाले आणि खुरपणीत कोरे राहिले. या गोष्टीचा त्यांना आजवर काही तोटा झाला नव्हता.

झुरिकच्या हॉटेलात सरांनी आईचं स्वेटर झटकलं तर बाहीतून खुरपं खाली पडलं. सरांनी घरी फोन लावला.

"मीच ठेवलं," बबिता म्हणाली. "आत्याबाईचा जीव लागत न्हाई त्याच्याबिगर. असू द्या की, काय खातंय का ते तुमाला?"

दुसऱ्या दिवशी डोंगरावर सगळी मंडळी जमली. बाराजण होते, इंग्लंडचं एक म्हातारं जोडपं, जपानचे एक डॉक्टर, आणखी कुठले कुठले. पुढारी होत्या उर्सुलाबाई. सत्तरीच्या, ताठ, पायात बूट आणि आवाजात मुकादम. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून इंग्रजीत नियम सांगितले. वाट सोडायची नाही. कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही. पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला खालच्या गावातल्या हॉटेलात रवानगी. "मी एका मंत्र्यालाही खाली पाठवलेलं आहे," असं त्या शेवटी म्हणाल्या आणि सगळ्यांच्या हातांकडं बघितलं.

"काय म्हणायली बाई?" सरजाबाईंनी विचारलं.

"झाडाला हात लावायचा न्हाई म्हणायल्यात."

"हात लावल्याबिगर झाड कळतं व्हय?" सरजाबाई म्हणाल्या. पण पाहुण्यांच्या गावात वाद नको म्हणून त्यांनी उर्सुलाबाईंसमोर हात जोडले आणि मोठ्यानं "जय भीम" घातला. बाईंना ते काय ते कळलं नाही, पण त्यांनीही हात जोडून "जय भीम" म्हटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत जपानचे डॉक्टर सकाळी चहाच्या टेबलावर येताच सगळ्यांना जय भीम घालायला लागले होते.

वर कुरणात पोचल्यावर मात्र सरजाबाईंची कळी खुलेना. डोंगराचा आख्खा उतार फुलांनी भरला होता. पिवळी, जांभळी, पांढरी, नजर जाईल तिथवर. मंडळी भिंगं काढून पोटावर आडवी झाली. सरही आडवे झाले. सुखानं त्यांचा श्वास कोंडला होता.

"काय हरवलंय ह्यांचं?" सरजाबाईंनी विचारलं.

"काई न्हाई माय, फुलं बघायलेत."

"उभ्यानं बी दिसायलेत की." त्यांनी कमरेवर हात ठेवून उताराकडं बघितलं. "कोणाचं रान हाय हे?"

"कोणाचंच न्हाई. सरकारचं."

"तरीच. आख्खा डोंगर तणानं भरलाय, कोणी इचारणारं न्हाई."

"माय, हे तण न्हाई. हे बघाया लोक दुनियेच्या कानाकोपऱ्यातून येतेत."

"तण बघाया?" सरजाबाई म्हणाल्या. आडव्या पडलेल्या त्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांची त्यांना मनापासून कीव आली, आणि त्यांच्यातला एक आपल्या पोटचा आहे याचं थोडं वाईटही वाटलं.

चौथ्या दिवशी पहिली भानगड झाली. गवळ्यांच्या झोपडीपाशी सगळे थांबले होते. गाई बसतात त्या खताच्या जागेवर हिरवीगार पानं माजली होती. मंडळी तिकडं ढुंकूनही बघत नव्हती, कारण फुलं काही नावाजण्यासारखी नव्हती. उर्सुलाबाई मागं वळल्या तर सरजाबाईंच्या ओच्यात ओंजळभर कोवळी भाजी.

"हे कुणी तोडलं?" उर्सुलाबाईंनी विचारलं, आणि नुसत्या आवाजावरून सरजाबाईंना प्रश्न कळला.

"मी. चाकवताच्या भावकीतलं हाय, बाई. पान जरा जाड हाय इतकंच. ताकात घाटून बघा."

सरांनी घाम पुसत भाषांतर केलं. उर्सुलाबाईंनी एक पान उचलून उलटंपालटं केलं. ते झाड खरोखरच चाकवताच्या कुळातलं होतं. सरांनी ते कूळ बावीस वर्षं शिकवलं होतं, पण फुलं धड दिसली नाहीत तर त्यांना ओळख पटत नसे.

"माझी आजी हीच भाजी शिजवायची," उर्सुलाबाई म्हणाल्या. "हे बरोबर आहे. आणि ही पहिली ताकीद आहे, हेही बरोबर आहे."

त्या दिवसापासून सरांच्या जिवाला घोर लागला. आल्प्सचा राजा सातव्या दिवशी दिसायचा होता, वर कड्यावर. तोवर आईचे हात सांभाळायचे होते. आईला खाली पाठवलं तर ती एकटी जाणार कशी, तिच्याबरोबर आपल्याला जावं लागणार, आणि मार्चमध्ये पुन्हा डस्टर उचलावं लागणार. सर फुलं कमी आणि आईचे हात जास्त बघायला लागले. दर तासाला म्हणायचे, "माय, हात पदरात ठेव."

"ठेवलेत की. अजून काय, तोडून देऊ?"

सहाव्या दिवशी दुपारी उर्सुलाबाईंनी सगळ्यांना एका खडकाळ चढावर न्यायचं काढलं. तिथं कसलंसं दुर्मीळ शेवाळ होतं.

"तुमी जा," सरजाबाई सपाट दगडावर बसत म्हणाल्या. "शेवाळ पेडगावच्या हौदात बी लय हाय. मी भाकर खाते."

सरांनी आजूबाजूला बघितलं. खायची भाजी नाही, गाई नाहीत. थोड्या अंतरावर दोरी बांधलेला एक चौकोन होता आणि त्याच्यावर पाटी होती. तो धोका त्यांच्या लक्षात आला नाही, कारण दोरी आणि पाटी दिसली की ते स्वतः लांब राहणारे होते. आईच्या भाकरीच्या फडक्यात भाकरीशिवाय आणखी काय आहे, हेही त्यांनी तपासलं नाही. ते वर गेले.

अर्ध्या तासानं सगळ्यांच्या आधी ते घाईघाईनं खाली आले, तर दगडावर नुसतं फडकं होतं. सरजाबाई दोरीच्या आत उकिडव्या बसल्या होत्या. हात यंत्रासारखा चालला होता. उपटलेलं तण मुळ्या वर करून खडकावर वाळत घातलं होतं, म्हणजे पुन्हा रुजायला नको.

सर दोरीपाशी धावले.

"माय, उठ."

"थांब, इतभर पात ऱ्हायली."

"उठ म्हणतोय ना. बाई येतील आता."

"येऊ दे. मी कायबी वंगाळ केलं न्हाई. हे बघ, दोरी लावलेली, मेखा मारलेल्या, रोपारोपाजवळ दात कोरायची काडी रोवलेली. पीक असल्याबिगर एवढं कोण करतंय? आणि अर्धं खुरपून कोणीतरी उठून गेलंय. पात अर्धी सोडून उठणाऱ्या बाईला आमच्यात दुसऱ्या दिवशी कोणी बोलवत न्हाई. मला बघवना."

सरांनी पाटी वाचली. 'संशोधन चालू आहे. आत येऊ नये.' चार भाषांत लिहिलं होतं. मराठीत नव्हतं, एवढाच काय तो आईचा बचाव होता.

वरून बुटांचा आवाज आला. सरांचं डोकं अशा वेळी चालतं, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. आईला एक ताकीद झालेली आहे. मला एकही झालेली नाही. हे मी केलं म्हणालो तर फक्त ताकीद मिळेल आणि उद्या दोघंही कड्यावर. हिशेब एकदम पक्का होता. त्यांनी आईला दंडाला धरून बाहेर काढलं, तिच्या हातातलं खुरपं घेतलं आणि दोरीच्या आत जाऊन उभे राहिले.

"हे कुणी केलं?" उर्सुलाबाईंनी विचारलं.

"मी."

"तुम्ही? प्रोफेसर?"

"मी," सर म्हणाले. "राहवलं नाही."

बाईंनी त्यांच्या स्वच्छ नखांकडं बघितलं. मग सरजाबाईंच्या मातीनं भरलेल्या बोटांकडं बघितलं. पण कबुली ती कबुली. "ताकीद," त्या म्हणाल्या. "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." सरांनी मान खाली घातली आणि आतल्या आत सुटकेचा श्वास टाकला.

गोष्ट इथंच संपती तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात खालच्या वाटेनं एक तरुण बाई धापा टाकत आली. तिचं नाव मार्टिना. हा वाफा तिचा होता. ती दोरीपाशी आली, वाकली, गुडघ्यांवर बसली, एकेका काडीजवळचं रोप बघत गेली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"एकही रोप दुखावलेलं नाही," मार्टिना म्हणाली. "हे कुणी केलं?"

मग सगळा उलगडा झाला. शेजारचं गवत काढून टाकलं तर ही रानटी रोपं कशी वाढतात, याचाच तिचा अभ्यास होता. वाफा खुरपायचाच होता. तिच्या मदतनीसाची तिसऱ्याच दिवशी पाठ धरली आणि तो अर्ध्यावर सोडून घरी गेला. ती एकटी आठ दिवस झाले रडकुंडीला आली होती.

"प्रोफेसरांनी केलंय," उर्सुलाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"सर, तुम्ही देवासारखे भेटलात," मार्टिना म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर वर येता का? कड्यावर दोन वाफे आहेत. तिथं पर्यटकांना सोडत नाहीत, त्यांना लांबून दुर्बिणीतून बघावं लागतं. पण वाफ्याच्या अगदी कडेला आल्प्सचा राजा फुललाय. दिवसभर त्याच्या शेजारी बसायचं."

दुर्बिणीतून बघावं लागणार हे सरांना आताच कळत होतं. आणि शेजारी बसायचं हेही. माणसाची मती फिरायला आणखी काय लागतं? ते म्हणाले, "येतो. आनंदानं येतो."

"मग एवढा कोपरा पुरा करून दाखवा. इथल्या काड्या वाऱ्यानं उडाल्यात. वरही तसंच आहे. पण तुम्हाला काय, तुम्ही रोपं ओळखताच."

सर त्या वीतभर पातीपुढं बसले. समोर सतरा-अठरा इवलीशी रोपं होती, प्रत्येकाला दोन किंवा चार पानं. फूल एकालाही नाही. सरांना ती सगळी सख्खी भावंडं दिसली. मागं सगळी मंडळी उभी, त्यांच्या मागं आल्प्स उभा. सरजाबाई हळूच म्हणाल्या, "डावीकडलं. डावीकडलं उपट." पण कुणाची डावी, तिची का माझी, हे विचारायची सोय नव्हती. सरांनी मनाचा हिय्या केला आणि एक रोप मुळासकट उपटून वर धरलं.

मार्टिनानं हात तोंडावर ठेवला.

"दुसरी चूक," उर्सुलाबाई म्हणाल्या.

सरजाबाई मग थांबल्याच नाहीत. त्या दोरी ओलांडून आत आल्या, लेकाच्या हातातलं रोप घेतलं, बोटानं भोक पाडून ते परत मातीत बसवलं, अंगठ्यानं दाबलं आणि बाटलीतलं पाणी शिंपडलं. "जगल. पान सुकलं न्हाई अजून," असं म्हणून त्यांनी खुरपं घेतलं आणि उरलेला कोपरा दोन मिनिटांत साफ केला. अठरातली पाच रोपं राहिली. ती पाचही मार्टिनाची होती.

उर्सुलाबाईंनी साफ झालेला कोपरा वाकून बघितला. "सरजाबाईंची ही दुसरी चूक झाली असती," त्या म्हणाल्या, "पण मार्टिना त्यांना कामावर घेणार असेल तर ती चूक नाही, नोकरी आहे. प्रोफेसर, तुमची मात्र चूकच आहे. शिवाय तुम्ही खोटं बोललात. त्याला माझ्याकडं नियम नाही, नाहीतर तोही लावला असता."

"काय म्हणायली?" सरजाबाईंनी विचारलं.

"तू उद्या वर जायचं. मी खाली."

"मग मी बी येते खाली. मला काय करायचंय वर?"

सरांना एकदम भरून आलं. उद्या त्या कड्यावर आपण नसणार हे त्यांना आत्ता कुठं नीट कळलं आणि लहान पोरासारखं वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "न्हाई माय, तू जा. ती निळी उशी हाय ना, ती नीट बघून ये. माझ्या वाटचं."

सातवा दिवस सरांनी खालच्या हॉटेलच्या गॅलरीत काढला. तिथं कुंडीतली लाल फुलं होती. तशी परभणीत त्यांच्या शेजाऱ्याच्या जिन्यातही होती. संध्याकाळी मार्टिनाच्या जीपमधून सरजाबाई उतरल्या. तोंड उन्हानं रापलेलं, हातात चॉकलेटचा पुडा आणि चेहऱ्यावर पात पुरी झाल्याचं समाधान.

"दिसली का, माय?"

"काय?"

"निळी उशी."

"त्या व्हय? लय हायत. पाय ठेवायची पंचाईत. मी एकीच्या शेजारी बसूनच भाकर खाल्ली."

"निळी म्हणजे कशी निळी, माय?"

सरजाबाईंनी डोळे बारीक केले, जणू अजून ते समोर होतं. "चौदा एप्रिलला आपण नवा झेंडा काढतो ना, पहिल्या घडीतला? ऊन लागायच्या आधीचा? तसली," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या वर, एवढ्या वाऱ्यात, दगडात. त्याला तण म्हणाया माजं तोंड होईना बाबा."

सर परभणीला आले आणि मार्चची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो धडा काढला. फळ्यावर उशी काढली. निळी म्हणजे किती, असं कोणी विचारल्यावर या वेळी त्यांनी खिडकीकडं बोट केलं नाही, झेंड्याचं सांगितलं, आणि ते सगळ्या वर्गाला एकदम कळलं. मग ठरल्याप्रमाणं मागच्या बाकावरून प्रश्न आला. "सर, तुमी बघितलंय का?"

"मी न्हाई," सर म्हणाले. "माझ्या आईनं बघितलंय." आणि त्यांनी डस्टर उचललं नाही, सगळी हकिकत सांगितली. तास संपला तरी पोरं उठेनात.

ऑगस्टमध्ये पेडगावच्या पत्त्यावर परदेशातून एक लिफाफा आला. वर नाव सरजाबाईंचं. सर रविवारी मुद्दाम गावी गेले. सरजाबाई सोयाबीनच्या रानात होत्या, सोबत शेजारची चतुराबाई आणि आणखी दोघीतिघी. सर पँट वर दुमडून चिखलातून पातीपर्यंत आले आणि लिफाफा फोडला. आत एक फोटो होता. कड्यावर स्वेटर घातलेल्या सरजाबाई, मागं बर्फ, आणि त्यांच्या लुगड्याच्या काठापाशी निळा ठिपका. बाकीची उशी लुगड्यानं झाकली होती. फोटोबरोबर पत्र होतं.

"वाच," सरजाबाई म्हणाल्या. बायकांचे हात थांबले.

"आदरणीय सरजाबाई, तुम्ही परत लावलेलं रोप जगलं आहे आणि त्याला चार नवी पानं आली आहेत," सरांनी इंग्रजीचं मराठी करत वाचलं. "पुढच्या जुलैमध्ये कड्यावर सहा वाफे आहेत, तुम्ही याल का? येण्याजाण्याची सोय आमची संस्था करील, आणि तुम्हाला सोबत एक मदतनीस आणता येईल." त्यांनी पत्राची घडी घातली. त्यांचे डोळे चमकत होते. "माय, सोबत एक माणूस. म्हणजे आपण दोघं."

"घडी उघड," सरजाबाई म्हणाल्या.

"का?"

"तीन ओळी हायत. तू दोनच वाचल्यास. मला अक्षर कळत न्हाई, पात मोजाया येती."

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. सरांनी घडी उघडली आणि खाली मान घालून वाचलं, "मदतनीसाला रोपं ओळखता येणं आवश्यक आहे, म्हणून शक्यतो मागच्या वेळचे प्रोफेसर नसावेत."

सगळ्या बायका हसल्या. हसून हसून चतुराबाई पातीतच बसली. सरजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी लेकाच्या तोंडाकडं बघितलं. फळ्यावर निळी उशी काढणारं हे पोर आपल्या हातावरच्या फटक्यानं पुस्तकाकडं गेलं, हे त्यांना आठवलं असावं. त्या एक पात बाजूला सरकल्या आणि शेजारची जागा मोकळी केली.

"बस."

"माय, पँट भरल."

"बस म्हणते."

सर बसले. सरजाबाईंनी कमरेचं खुरपं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच दिलं. मूठ गुळगुळीत झालेली होती आणि ती आईच्या हाताची होती, त्यामुळं सरांना धरायला जरा अवघड गेलं.

"पीक कोणतं?"

"सोयाबीन."

"हे?"

"हे... माहीत न्हाई."

"केना. आणि ह्यो लव्हाळा. फुलाची वाट बघू नको, फूल येईस्तोवर रान हातचं गेलेलं असतंय. दोन पानावर ओळखाया शीक. हं, आता चालू दे."

सरांनी एक केना उपटला, दुसरा उपटला, तिसऱ्यांदा हात जोरात घातला आणि सोयाबीनचं रोप मुळासकट हातात आलं. ते तसंच धरून त्यांनी आईकडं बघितलं. सरजाबाईंनी ते घेतलं, बोटानं भोक पाडून मातीत बसवलं आणि अंगठ्यानं दाबलं.

"जगल का?" सरांनी विचारलं.

"जगल की," सरजाबाई म्हणाल्या. "आणि जुलैला अजून लय टाइम हाय. पात पुरी कर."